समोरच्या चाळीपासून ३ मीटर पुरतील का? आगीच्या सिम्युलेशनचा रिपोर्ट वाचायचा कसा?

तिसरामाळा:

नमस्कार मंडळी. प्रश्न लांबलचक आहे, चहा घेऊन बसा.

गिरगावात आमची तळमजला अधिक तीन अशी चाळ. पुनर्विकासाला निघाली आहे, २२ मजले होणार. मी टेलिफोन खात्यातून निवृत्त, हाताशी वेळ, म्हणून सेक्रेटरीपद माझ्या गळ्यात पडलं. आमच्या मागच्या अंगाला अजून एक चाळ आहे, आमच्याच वयाची. त्यांचं आपसात जमत नाही, त्यामुळे ती आहे तशीच राहणार. दोन्हींच्या मध्ये हाऊसगल्ली, म्हणजे मागचा चिंचोळा बोळ. नव्या नकाशात रस्त्याच्या बाजूला बंब फिरायला ६ मीटर सोडलेत. मागे मात्र आमच्या नव्या भिंतीपासून त्यांच्या गॅलरीच्या कठड्यापर्यंत ३ मीटर. नियमात बसतं का ते आर्किटेक्ट बघतोय आणि बसतं म्हणतोय, तो वाद इथे नको.

माझ्या डोक्यात आहे ती समोरची गॅलरी. खांब, कठडा, पायाखालच्या फळ्या, सगळं लाकूड. पंचवीसेक वर्षांपूर्वी दिवाळीत आमच्या पोरांनी सोडलेलं रॉकेट आडवं जाऊन त्या गॅलरीत शिरलं. कठड्यावर वाळत टाकलेली गादी धुमसली आणि तिने खांब धरला. दोन्ही चाळींनी मोरीतल्या बादल्या ओतून विझवलं. त्या खांबावर तळहाताएवढा काळा डाग अजून आहे. ऑइलपेंटचे तीन हात बसले तरी सकाळच्या उन्हात वर येतो, आणि आमच्या स्वयंपाकघराची खिडकी बरोब्बर त्याच्यासमोर. म्हणून मीटिंगमध्ये मीच विचारलं, की उद्या आमच्या नव्या इमारतीत आग लागली तर समोरच्यांचं काय?

बिल्डरने एका कन्सल्टंटकडून रिपोर्टच आणून दिला. ४६ पानं, रंगीत. एफडीएस नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये आमच्या सातव्या मजल्याखालच्या सगळ्या फ्लॅटपैकी तिसऱ्या मजल्यावरचा एक पेटवून बघितला म्हणे. आग २ मेगावॅट ('हॉलमधला सोफा, स्प्रिंकलर चालू'), खिडकी ३ मीटर रुंद आणि दीड मीटर उंच, ठोकळा २५ सेंटिमीटरचा, वारा शून्य, एकूण १० मिनिटं. निष्कर्ष एका ओळीत: समोरच्या इमारतीवर जास्तीत जास्त ४.१ किलोवॅट प्रति चौरस मीटर, मर्यादा १२.५, सबब अंतर सुरक्षित. पडद्यावर व्हिडिओ दाखवला. धूर निळा, ज्वाळा केशरी, लोकांनी टाळ्या वाजवल्या.

माझ्या हातून टाळी वाजली नाही. ४.१ म्हणजे किती धग? आणि असल्या रिपोर्टात बघायचं काय असतं?

धगमोजणी:

काका, मी हेच काम करते, रोज ठाण्याहून लोकल पकडून. त्यामुळे उत्तर लांबेल.

भर दुपारचं ऊन साधारण १ किलोवॅट प्रति चौरस मीटर. ४.१ म्हणजे चार सूर्य एकदम अंगावर. माणूस तिथे टिकणार नाही, लाकूड टिकेल. १२.५ च्या आसपास लाकूड तापून ज्वलनशील वाफा सोडतं आणि जवळ ठिणगी असली की भडकतं. ठिणगी नसेल तर त्याच्या दुप्पट-अडीचपट धग लागते, पण आगीजवळ ठिणग्यांना काय तोटा? म्हणून मर्यादा १२.५ ची. कॅनडात १९५८ मध्ये सेंट लॉरेन्स नदीच्या प्रकल्पात काही गावं पाण्याखाली जाणार होती. तिथली रिकामी घरं संशोधकांनी मुद्दाम पेटवली आणि समोर किती धग पोचते ते मोजलं. आतून लाकडी फळ्या मारलेल्या घरांनी जास्त धग फेकली. त्या देशाच्या नियमांतली दोन इमारतींमधली अंतरं त्या मोजणीवर आणि या १२.५ वर बेतलेली आहेत. ब्रिटनमध्ये हाच आकडा १२.६.

एफडीएसला नावं ठेवू नका. अमेरिकेच्या निस्ट या सरकारी संस्थेने ते २००० साली बाहेर काढलं, फुकट आहे, जगभर वापरतात. ते सगळ्या जागेचे ठोकळे पाडतं आणि प्रत्येक ठोकळ्यातली गरम हवा, धूर, धग कुठे निघाली ते क्षणाक्षणाला सोडवत जातं. मात्र आग केवढी, हे अशा कामात बहुतेक वेळा आपणच त्याच्या कानात सांगतो. तुमच्या कन्सल्टंटने २ मेगावॅट सांगितले, त्याने २ मेगावॅटचं उत्तर दिलं. इमानी नोकर आहे तो.

आता २ मेगावॅट योग्य की कमी? खोली पूर्ण पेटली की आग किती मोठी होणार हे सोफ्यापेक्षा खिडकी ठरवते, कारण हवा तिथूनच येते. त्याचा जुना ठोकताळा आहे: खिडकीचं क्षेत्रफळ, गुणिले तिच्या उंचीचं वर्गमूळ, गुणिले १५०० किलोवॅट. तुमच्या खिडकीला ४.५ × १.२२ × १५००, म्हणजे ८ मेगावॅटच्या वर. स्प्रिंकलर चालला तर २ सुद्धा होणार नाहीत, मान्य. पण टाकीत पाणी नसलं, व्हॉल्व्ह कुणी बंद करून ठेवला असला, तर? ती दुसरी धाव (तसं धरून पुन्हा चालवलेलं सिम्युलेशन) रिपोर्टात आहे का ते बघा. नसेल तर तो अर्धाच रिपोर्ट आहे.

आणि तुमच्यासाठी कागदावरचा हिशोब करून बघितला, कॉम्प्युटर न लावता. पेटलेल्या खोलीची खिडकी म्हणजे भिंतीत उभा केलेला लालभडक तवा. ब्रिटिश पद्धतीत घराच्या खिडकीला या तव्याची धग ८४ किलोवॅट प्रति चौरस मीटर धरतात (साधारण ८३० अंश), दुकान-गोदामाला १६८. समोर उभं राहून हा तवा नजरेचा केवढा भाग व्यापतो, त्यावर समोर पोचणारी धग ठरते. तुमच्या ३ बाय दीडच्या खिडकीसमोर, बरोब्बर मध्यावर: दीड मीटरवर ३०, तीन मीटरवर ११, सहा मीटरवर ३. हा नुसत्या तव्याचा हिशोब. खिडकीबाहेर वर उसळणारा लोळ यात धरलेला नाही.

म्हणजे ३ मीटरला ११. मर्यादा १२.५. तुमच्या रिपोर्टातले ४.१ आणि हे ११ यांतला फरक गणिताचा नाही, कानात काय सांगितलं त्याचा आहे.

ठोकळ्याबद्दल थोडक्यात. २ मेगावॅटच्या आगीचा हिशोबाचा व्यास (आगीच्या ताकदीवरून सूत्राने काढलेली लांबी, खरी रुंदी नव्हे) १.२७ मीटर येतो, त्यात २५ सेंटिमीटरचे पाच ठोकळे बसतात. ४ ते १६ बसावेत असा संकेत, म्हणजे काठावर पास. साडेबारा सेंटिमीटरने पुन्हा चालवून आकडा हलला नाही तरच त्यावर विश्वास ठेवायचा. त्याला कॉम्प्युटरचा वेळ १६ पट लागतो, म्हणून सगळे टाळतात. आम्हीही.

जुनाबंबवाला:

अग्निशमन दलात भायखळ्याला होतो, आता पेन्शनीत. ताईंचं गणित मला कळलं नाही, पण ३० आणि ११ पटलं. ब्रँच (होजचं तोंड) धरून उभं राहिलेल्याला दीड मीटर आणि तीन मीटर यातला फरक कानाच्या पाळ्या सांगतात.

सेक्रेटरीसाहेब, तुमच्या त्या रंगीत चित्रात हाऊसगल्ली रिकामी आहे की भरलेली? मी एवढ्या वर्षांत रिकामी हाऊसगल्ली बघितली नाही. वरून टाकलेल्या पिशव्या, सांडपाण्याचे प्लास्टिकचे पाइप, केबलची जंजाळं, एसीचे डबे, पावसाळ्यात बांधलेली आणि नंतर न सोडलेली निळी ताडपत्री. एका वर्दीला गेलो तेव्हा दुसऱ्या माळ्यावरची आग समोरच्या इमारतीत खिडकीतून गेलीच नव्हती. जळती ताडपत्री खाली गळली, गल्लीतला कचरा पेटला आणि त्या कचऱ्याने समोरचा पहिला माळा खालून धरला. आम्ही होज वर रोखून उभे, आग पायाखालून पलीकडे गेलेली.

दुसरं, वारा शून्य? गिरगावात? दुपारनंतर चौपाटीवरून खारं वारं सुटतं. अरुंद गल्लीत ते नळीतल्यासारखं पळतं.

तिसरं, निखारे. धगीला अंतर कळतं, निखाऱ्याला कळत नाही. १४ एप्रिल १९४४ ला व्हिक्टोरिया गोदीत फोर्ट स्टिकीन जहाज फुटलं. पोटात दारूगोळा आणि कापसाच्या गाठी. पेटत्या गाठी उडून शहरात पडल्या आणि गोदीपासून लांबच्या वस्त्या पेटल्या. आपला अग्निशमन दिन त्याच तारखेचा. जहाजाची गोष्ट मोठी, पण तुमच्या चाळीतल्या रॉकेटने तेच केलं की.

कशालाउगाच:

माफ करा, पण या असल्या शंकांपायी आमच्या सोसायटीचं काम चार वर्षं लटकलं आणि लोक ट्रान्झिट कॅम्पातच म्हातारे झाले. नियमात बसतंय ना? नवीन इमारतीला स्प्रिंकलर, पंप, रिफ्यूज एरिया (आगीत थांबायची जागा) सगळं येणार. वर्षातून दोनदा फॉर्म बी (आगीची यंत्रणा चालू असल्याचा दाखला) भरावा लागणार. धोकादायक आहे ती समोरची चाळ, तुमची नवी बिल्डिंग नव्हे. मुंबईत ३ मीटर म्हणजे मैदान झालं हो.

तिसरामाळा:

सगळ्यांचे आभार.

'कशालाउगाच', तुमचा वैताग समजतो. माझ्या स्वतःच्या घरात रोज ऐकतो, बायको म्हणते तुम्ही सही करा आणि मोकळे व्हा. पण 'धोकादायक समोरची चाळ' हे तुम्ही लिहिलंत आणि रात्री झोप गेली. रिपोर्टात आग आमच्याकडून त्यांच्याकडे जाते एवढंच तपासलंय. उलट कुठेच नाही. जिथे स्प्रिंकलर आहे तिथली आग बघितली, जिथे नाही तिथली नाही बघितली.

आणखी एक सापडलं. काल पान ३१ वरचं चित्र भिंग लावून बघितलं (खरंच भिंग, तिकिटं गोळा करायचो त्याचं). धग मोजायचे टिंब त्यांनी समोरच्या इमारतीच्या भिंतीवर दिलेत, गॅलरीच्या आत. गॅलरी १.२ मीटर खोल. म्हणजे त्यांचा ४.१ हा आकडा ४.२ मीटरवरचा आहे. पेटायचा तो खांब पुढे, मोजमाप मागे. ताई, याने किती फरक पडतो?

बंबवाले साहेब, गल्ली चित्रात एकदम स्वच्छ आहे. राखाडी रंगाची. उंदीरसुद्धा नाही.

धगमोजणी:

काका, तुम्हाला आमच्या ऑफिसात नोकरी द्यायला हवी. टिंब कुठे ठेवलं हे बघणारा गिऱ्हाईक मला आजवर भेटला नाही.

त्याच कागदी हिशोबात ३ मीटरला ११ येतात, ४.२ मीटरला ६. जवळजवळ अर्धं. मुद्दाम केलं असेल असं मी म्हणणार नाही. घाईत समोरची इमारत म्हणजे एक डबा काढतात, गॅलरी नंतर चिकटवतात, टिंबं डब्यावरच राहतात. पण चूक ती चूकच, लेखी विचारा.

उलट्या दिशेचं मी काल रात्री करून बघितलं आणि ते जास्त वाईट आहे. तुमची खिडकी छोटी, म्हणून अंतर दुप्पट केलं की धग पावपटीच्या जवळ घसरते. लाकडी चाळ एका खिडकीतून जळत नाही, तिचं अख्खं तोंड पेटतं. समजा १२ मीटर रुंद आणि ९ मीटर उंच गॅलऱ्यांचा पट्टा, तोच ८४ चा तवा. तीन मीटरवर ६५. सहा मीटरवर ४०. बारा मीटरवरही १६. साडेबाराच्या खाली यायला १४ मीटर लागतात. बघा, अंतर दुप्पट करून धग निम्मीही होत नाही, कारण इतक्या मोठ्या तव्यासमोर तुम्ही तीन मीटर सरकलात काय आणि सहा काय, नजर भरून तोच दिसतो.

६५ ला लाकूड ठिणगीवाचून पेटतं, साधी काच त्याच्या कितीतरी आधी तडकते, मग पडदे. १४ मीटर गिरगावात कुणीच देणार नाही. म्हणून 'अंतर किती' हा प्रश्न सोडा आणि त्या बाजूच्या भिंतीचं बोला. समोरच्या चाळीच्या उंचीपर्यंत आणि त्यावर आणखी दोन-तीन मजले, मागच्या भिंतीत उघडणाऱ्या खिडक्या कमीत कमी. लिफ्ट, डक्ट, मोऱ्या तिकडे ढकलता आल्या तर उत्तम, बेडरूम नको, आणि जिना तर नकोच, कारण लोक नेमके तिथूनच उतरणार. जिथे खिडकी हवीच तिथे आगीला टिकणारी, न उघडणारी काच. बाहेरून प्लास्टिकचा गाभा असलेले चकचकीत पॅनेल अजिबात नाही. वीट किंवा काँक्रीटची कोरी भिंत ६५ समोर बराच वेळ उभी राहते, तिला सिम्युलेशनचीही गरज नाही.

हे सगळं नकाशा पास व्हायच्या आत. नंतर कुणी ऐकत नाही.

ब्रिटनमध्ये एक युक्ती आहे. शेजारी आज कसा आहे हे बघतच नाहीत. हद्दीच्या रेषेपलीकडे आपलीच इमारत आरशात उभी आहे असं धरून खिडक्यांचा आकार ठरवतात, म्हणजे शेजाऱ्याने उद्या काहीही बांधलं तरी दोघांचा वाटा समान. इथे शेजारी लाकडाचा आहे हे डोळ्यांना दिसतंय, मग आरसा तरी कशाला हवा?

कशालाउगाच:

ठीक आहे, खिडक्या हलवायचं म्हणत असाल तर त्यात काम थांबत नाही. मला वाटलं इमारतच मागे सरकवायला निघालात. आमच्याकडे जिना मागच्याच बाजूला आहे. आता बघतो काय करता येतं, बहुतेक काहीच नाही.

जुनाबंबवाला:

जिन्याचं ताईंनी बरोबर सांगितलं. २०१५ मध्ये काळबादेवीच्या जुन्या इमारतीच्या आगीत आमचे मोठे साहेब गेले. तेव्हापासून लाकडी इमारतीसमोर उभा राहिलो की मी आधी मागे वळून माझी परतीची वाट बघायचो. तुमच्या लोकांना तीच वाट त्या चाळीच्या तोंडावर देऊ नका.

तिसरामाळा:

ताजी बातमी. कन्सल्टंटला मेल केला: स्प्रिंकलर बंद धरून, वारा धरून, गल्लीत सामान धरून, टिंबं कठड्यावर, आणि समोरून आमच्याकडे अशी दुसरी धाव. आमच्या पुतणीने इंग्रजी नीट करून दिलं. उत्तर आलं की करू, पण वाढीव खर्च कोण देणार? तो मुद्दा बुधवारच्या मीटिंगला. आर्किटेक्टने मात्र फोनवरच कबूल केलं की मागचे टॉयलेट आणि बेडरूम अदलाबदल होऊ शकतात. जिन्याबद्दल 'बघू' म्हणाला. त्याच्या 'बघू'चा अर्थ मला अजून कळलेला नाही.

रविवारी मी टेप घेऊन मोजायला बसलो. नव्या भिंतीची जागा आमच्या आजच्या स्वयंपाकघराच्या भिंतीपासून १.२ मीटर आत येणार, आणि आजचं अंतर नकाशात १.८. दोन्ही मिळून ३ मीटर. तिसऱ्या माळ्यावर १.८ भरलंच नाही. १.३५ भरलं. समोरच्यांनी कठड्याबाहेर ४५ सेंटिमीटर लोखंडी ग्रिलचा पिंजरा काढलाय, वर प्लास्टिकचा पत्रा, आत तुळस, रद्दीचे गठ्ठे, गणपतीच्या मखराचा थर्माकोल. म्हणजे नवी भिंत झाल्यावर खरं अंतर २.५५.

ताई, २.५५ ला किती?

धगमोजणी:

१४.५.

तिसरामाळा:

म्हणजे गेलं वर.

टेपचं दुसरं टोक पलीकडे कुणीतरी धरायला हवं होतं. समोरच्या वहिनी कपडे वाळत घालत होत्या, त्यांच्याकडे फेकलं. त्यांनी ते ग्रिलला लावून धरलं आणि ओरडून विचारलं, "काय हो, आमचं ठरलं की काय बिल्डरशी?" म्हटलं, नाही, तुमची गॅलरी किती लांब आहे ते मोजतोय. "थांबा मग," म्हणाल्या, "नीट धरते. मघाशी दोरीवर धरलं होतं."